चिंचेच्या थांब्यावरचं मागचं दार

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज पहिला दिवस पार पडला! अंगात खाकी, गळ्यात तिकिटाचं मशीन. निघताना बायकोनं, द्वारकेनं ओवाळलं, जसा काही लढाईवरच निघालो. वाशीमहून येऊन महिना झाला, पण हे शहर आपल्यालाही जागा देईल असं आज पहिल्यांदा वाटलं. खराडीची गाडी मिळाली. ड्रायव्हर बापूराव, कसबा पेठेतले, निवृत्तीला टेकलेले. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, नमस्कार नंतर करा, आधी दार शिका.

दार शिकायचं म्हणजे असं. माणसं मागून चढणार, पुढून उतरणार. मागचं दार हवेवर चालतं, बटण बापूरावांकडे. पायरी रिकामी झाली की मी डबल बेल द्यायची, मग ते दार लावणार. दाराच्या कडेला जाड रबर आहे. मध्ये कुणी आलं की दार आपोआप परत उघडतं. आणि दार पुरतं लागल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. लय शहाणं दार आहे बाप्पा!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ओळखी व्हायला लागल्या. सदाशिव पेठेतली स्पृहा रोज सकाळी असते, कॉलेजात शिकते. मी सगळ्यांना ‘जी’ लावतो म्हणून माझी टिंगल करते. काका, पुण्यात इतकं गोड बोललात तर लोक घाबरतील, म्हणे.

आज एक गंमत झाली. वाटेत चिंचेचा जुना थांबा आहे. रस्ता रुंद करताना शेड काढली, चिंच तेवढी राहिली. तिथं सिग्नलला थांबलो तर मागचं दार आपसूक उघडलं. बापूरावांनी लावलं; अर्ध्यात आलं आणि कुणाला तरी टेकल्यासारखं परत उघडलं. पुन्हा तेच. पायरीवर कुणीच नव्हतं. बापूराव नुसते समोर बघत बसलेले. लोक करवादायला लागले. एक आजोबा म्हणाले, आपण दाराची पूजा करून निघणार आहोत का? मग मीच गमतीनं रिकाम्या पायरीकडं हात करून म्हटलं, या जी, आत या, दार सोडा. दार गपकन लागलं. सगळी गाडी हसली, बापूराव सोडून.

खराडीला चहा पिताना त्यांनी विचारलं, नेमकं काय बोललात? सांगितलं, तर कपाळावर हात मारला. त्या जागी गप्प बसून राहायचं असतं म्हणे. ते कंटाळतं आणि उतरून जातं. पूर्वी तिथं कुणीतरी दारात सापडलं होतं, याहून जास्त कुणाला ठाऊक नाही. पण त्याला आत आजवर कुणी बोलावलं नव्हतं. नव्या कंडक्टरला हे आधीच सांगायची रीत आहे, पण मी हसेन म्हणून त्यांनी टाळलं. मी हसलोच.

सोमवार, १० फेब्रुवारी

स्पृहाचे वडील डेपोत आले होते. शनिवारपासून पोर घरी नाही. पोलिसांनी गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. ती मागून चढते, मी तिकीट देतो, ती काहीतरी बोलून हसते. पुढच्या दारातून मात्र एकेक करून सगळे उतरतात, ती उतरत नाही. खिडक्यांना गज आहेत. मग गेली कुठं? तिचे वडील मला पुन्हा पुन्हा तेच विचारत होते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काल एक म्हातारी. आज एक डबेवाले काका. चढताना मी पाहिले, उतरताना नाही.

मी ‘या जी’ म्हटलं तेव्हापासून मागच्या पायरीवर गारठा असतो, म्हणून गाडी बदलून घेतली. दुसऱ्या गाडीतही मागच्या पायरीवर तसाच गारठा. साहेबांना हात जोडले, मागचं दार बंद ठेवा. त्यांनी विचारलं, भूत चढल्याचा अर्ज कुठल्या टेबलावर घेऊ? रजाही नाही, नोकरी नवी म्हणून. पुढून चढा म्हणून घसा फोडतो, लोक ऐकतात होय? उलट मलाच नियम शिकवतात.

द्वारकेला बजावलं, माझ्या गाडीत पाय ठेवायचा नाही. ती हसली. कंडक्टरची बायको रिक्षानं हिंडते काय जी, म्हणाली. मी ओरडलो. कधी नाही ते ओरडलो तिच्यावर. तिच्या डोळ्यात पाणी आलं, पण मान हलवली. येणार नाही म्हणाली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

डबा घरी विसरलो होतो. तो द्यायला ती थांब्यावर—

गर्दीत दिसलीच नाही मला. डबल बेल दिल्यावर दिसली, मागच्या पायरीवर, डबा उंच धरून हसत. दार लागलं. मी माणसं लोटत मागं गेलो. पायरी रिकामी. डबाही नाही.

फोन लावला. वाजतोय. गाडीतच वाजतोय, पायरीवर, माझ्या पायाशी. तिथं काही नाही.

खराडीला सगळे उतरले. बापूरावांनी पुढचं दार किती वेळ उघडं ठेवलं. मग रडले. द्वारके, माझ्यामुळं गं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज ड्युटी नाही. दुसरा कंडक्टर आहे. मी साध्या प्रवाशासारखा मागून चढणार. बापूराव नको म्हणाले, हात धरला. सोडवून घेतला.

चढलो, वही हातातच. ही आपली गाडी नाही. आत माणसंच माणसं, खांद्याला खांदा, कुणी बोलत नाही. उजेड आहे, खिडक्या नाहीत. स्पृहा आहे. हाक मारली, तिनं पाहिलं नाही. सगळ्यांची तोंडं पुढं. पुढं दार नाही. नुसती माणसं, लांबवर, दिसतील तिथवर—

द्वारका! तिकडं आहे. डबा छातीशी धरलेला. माझी हाक पोहोचली. वळली. रडतेय. हातानं सांगतेय, येऊ नको, माघारी जा, माघारी—

पाठीला रबर टेकलं. बाहेर कुणीतरी डबल बे