बसवाल्या बाईंना एक नंबर

आयर्लंडच्या मतदार कुमारी इराबाई यांस,

उम्म अल कुवैनहून प्रमिलाआजीचा नमस्कार, आणि त्याच्या खालोखाल आशीर्वाद. तुला तिकडचा पासपोर्ट मिळाला, मत मिळालं, म्हणून पहिल्या ओळीला अहोजाहो केलं. आता अगं. सर्दी गेली का? ओव्याची पुरचुंडी शेकून हुंगतेस की नुसत्या गोळ्या गिळतेस? (नर्सबाया स्वतःचं दुखणं अंगावर काढतात, हे मी तुझ्यावरूनच शिकले.) इकडे सगळे बरे. तुझा बाबा पहाटे गाडी काढून हमरियाला कारखान्यात जातो, तुझी आई तिच्या गाडीने शाळेत शिकवायला, तुझा भाऊ वेदांग शाळेच्या बसने, आणि मी खिडकीशी. फोनच केला असता, पण तुझा बाबा फोन स्पीकरवर टाकतो आणि माझं वाक्य माझ्याआधी संपवतो. म्हणून कागद. शेजारच्या मैमुनाबीची नात नबिला याचा फोटो काढून तुला पाठवेल. वेदांगकडे दिला असता तर आधी बापाला दाखवला असता.

तू विचारलंस, "आजी, कुणाला मत देऊ?" तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं. तुझे आजोबा केंद्राच्या दारापर्यंत बजावत यायचे, वरून तिसरं चिन्ह, आणि मी शिक्का मारून यायचे. (एकदा दोन चिन्हांवर मारला, कारण उभ्या राहिलेल्या दोघींनीही हळदीकुंकवाला बोलावलं होतं. ते मत बाद झालं म्हणे.) तुमच्याकडे मात्र सगळ्यांना नंबर देता येतात, एक, दोन, तीन, चार. कुणी रुसायला नको. ही पद्धत ज्याने काढली त्याच्या घरी नक्की खूप जावा-नणंदा असणार.

आता माझी अडचण. उन्हाळ्यात मला तुझ्याकडे यायचंय आणि तुझा बाबा पाठवत नाही. का, तर तुझ्या गावात बस नाही. तू गाडी घेऊन ड्युटीला गेलीस की मी दिवसभर मेंढ्यांची तोंडं बघत बसणार. मी म्हटलं, मी चालत फिरेन. तर म्हणाला, "आई, आधी इथे दुकानापर्यंत चालून दाखव." वेदांगने वर लावलं, "आजी, नोबडी वॉक्स हिअर." मला ते लागलं. (माहेरी मी ओढा ओलांडून शाळेला जायचे. ओढ्याला पाणी आलं तेव्हा शाळा सुटली, ती चौथीतच.) दुसऱ्या दिवशी मैमुनाबीला घेतलं, छत्री घेतली आणि मेथी आणायला निघाले. मैमुनाबी रत्नागिरीची. गुडघा माझ्याहून वाईट, पण जीभ ठणठणीत. दुकान आपल्या गच्चीवरून दिसतं, पण मध्ये तो मोठा रस्ता, आणि ओलांडायचा तर पार वळसा घालून. आणि इथे पायी माणूस दिसला की लोकांना वाटतं काहीतरी अघटित झालं. एक गाडी थांबली, मी हात हलवला, ती गेली. दुसरीतला पाण्याच्या बाटल्या देऊन गेला. तिसऱ्याने विचारलं, "अम्मा, गाडी खराब हो गई?" मैमुनाबी म्हणाली, "गाडी नहीं बेटा, घुटना." तिथेच चुकलं. तेवढ्यात पांढऱ्या झग्यातला एक अरब पोरगा भली मोठी गाडी लावून उतरला, दार उघडून म्हणाला, "यल्ला अम्मा, यल्ला." आम्ही बसलो. (कुणी एवढ्या मायेने दार उघडल्यावर मेथीचं कसं काढायचं? आणि आत काय गार होतं!) त्याने आम्हाला सरळ दवाखान्यात नेऊन सोडलं. उन्हात दोन म्हाताऱ्या चालतायत म्हणजे आजारीच असणार, नाहीतर कशाला चालतील. तिथे प्रेशर बघितलं. माझं ठीक, मैमुनाबीचं वाढलेलं. ती डॉक्टरला म्हणाली, मेथी मिळाली नाही म्हणून वाढलंय. त्यांनी तुझ्या बाबाला फोन केला, तो मीटिंग सोडून हमरियाहून आला. घराच्या दाराशी गाडी थांबवून म्हणाला, "मेथीला निघालीस ती दवाखान्यात पोचलीस. आयर्लंड खलास." मागून मैमुनाबी म्हणाली, "इन्शाल्ला, जाईल ती." त्याने आरशातून तिच्याकडे असं बघितलं की ती खिडकीबाहेर बघायला लागली.

म्हणून आता तुझ्या मताचाच आधार. तू सांगितलेले सगळे पक्ष घेऊन आम्ही दोघी बसलो. ते दोन जुने, आधी एकमेकांचं तोंड बघत नसत आणि आता एकाच सरकारात नांदतात, ते आम्हाला लगेच कळले. घरच्यासारखे वाटले. मग तो पक्ष नसलेला बाप्या, जो तुझ्या रस्त्यावरचे खड्डे स्वतः बुजवतो. आणि त्या बसवाल्या बाई, ज्या डिझेल महाग करून गावोगाव बस आणणार. तू म्हणतेस, बस येईपर्यंत ड्युटीला जायला डिझेल मलाच भरायचंय. खोटं नाही. मैमुनाबीचंही तेच, आधी बस दाखवा, मग डिझेलला हात लावा. मी म्हटलं, दारात गाडी असताना तुझा तय्यब बसला कधी जाईल का? (तिचा मुलगा कोपऱ्यावरच्या मशिदीलाही गाडीने जातो.) तिने चहाचा कप खाली ठेवला, परत उचलला आणि म्हणाली, "माझ्या पोराला मध्ये आणू नकोस. पण खरंय."

तर बसवाल्या बाईंना एक. खड्डेवाल्याला दोन, कारण बस आली तरी त्याच रस्त्याने येणार. जुन्या दोघांना तीन आणि चार, कुठला कुणाला ते तूच ठरव, मला दोघे सारखेच दिसले. मत मागायला दारात आलेल्या प्रत्येकाला चहा पाजून "तुम्हालाच एक नंबर" म्हणालीस, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. दारातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं. पण पेन हातात घेशील तेव्हा मेंढ्यांकडे बघत बसलेली आजी डोळ्यांसमोर आण. आणि कानाला बांधून जा.

मत विचारलं गेलेली,
प्रमिलाआजी

ता.क. बस आली तरी विमानतळावर मला घ्यायला गाडीच आण. बसमध्ये पहिल्या वळणालाच मला उलटी होते. गावातही मी बसने फिरेनच असं नाही. पण ती असली पाहिजे.

आणखी ता.क. नबिला म्हणते, निकालाला दिवस लागतात, सरकारला महिने, आणि बसचं तर विचारूच नका. तोवर तिकिटं महागतील. तेव्हा असं कर, शनिवारी बाबाला फोन कर आणि सांग, बस सुरू झाली. निवडणुकीत एवढं तर सगळेच सांगतात. तो किती वाजता, कुठून कुठे, सगळं विचारेल (इंजिनिअर आहे). तू म्हण, ते माहीत नाही बाबा, पण कालच बसले होते, खिडकीजवळ जागा मिळाली.