खुर्ची लेकीला

मी, खाली सही करणारी बाई, वय बाहत्तर, धंदा बायकांचे केस कापण्याचा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. थरथरतात ते हात, डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका लेकीला. यात कोणी नाक खुपसू नये.

२. दुकान आणि कात्र्या माझ्यासोबत इतकी वर्षं कामाला उभ्या राहिलेल्या जोडीदारणीला. बडबडी गिऱ्हाइकंही तिनेच सांभाळावीत.

३. नणंदबाईंना मोठा ड्रायर. "लोकांच्या डोक्यात हात घालून पोट भरते," असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. ड्रायर अधूनमधून शॉक देतो. आधी सांगितलं नाही, असं नंतर म्हणू नये.

४. आरशासमोरची खुर्ची लेकीला. शाळेत असताना ती हिच्यात उशीवर बसून, "कान तरी झाकू दे गं," म्हणून रडायची. कॉलेजात दुसरीकडे केस कापून आली, तेव्हा दोघींनी अबोला धरला. लग्नानंतर मात्र दर महिन्याला दुकान बंद करायच्या वेळी यायची. पाठ माझ्याकडे, बोलणं आरशाशी. सासूची गाऱ्हाणी, पोटातच गेलेलं मूल, आणि मधूनच असं हसू फुटायचं की मला कात्री खाली ठेवावी लागे. समोरासमोर आम्ही "जेवलीस का" याच्या पुढे जात नाही.

५. हात थरथरायला लागल्यापासून ती त्या खुर्चीत बसलेली नाही. विचारलं तर "अगं आई, वाढवतेय" म्हणते. परवा मला गोळ्या द्यायला आली आणि तिचा अंबाडा सुटला. केसांची कड नुकतीच कापलेली, अगदी सरळ. काम चांगलं होतं, तेच जास्त लागलं. माझं मन राखायला ती खोटं बोलते, मी मान डोलावते, आणि दोघी गप्प बसतो. मरणापेक्षा मला या गप्प बसण्याची जास्त भीती वाटते.

६. म्हणून हे कलम माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासून लागू. लेकीने केस हवे तिथे कापून घ्यावेत. पण महिन्यातून एकदा येऊन खुर्चीत बसावं. मी कात्रीला हात लावणार नाही, नुसता कंगवा फिरवीन.

साक्षीदार : १) डॉक्टर. २) शेजारचे चष्मेवाले.
सही : माझी, वाकडी आली तरी माझीच.
स्थळ : दुकान. दिनांक : आजचा, सुट्टीचा वार.

मूळ प्रत वकिलाकडे ठेवायची नाही. आज संध्याकाळी मी स्वतः लेकीच्या हातात देणार आहे, आणि ती वाचेपर्यंत तिच्यासमोर बसणार आहे.