वाट्यांकडे पाठ

आंबेटोला, ता. पोंभुर्णा
११ एप्रिल २०२५

चि. निकेशले,

आशीर्वाद मागून घेशील, पहिले हे आईक. तू काऊन पळाला? मोठेबाबाले गाडीत टाकून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं तिथपर्यंत आला, अन् मंग कामाचं नाव सांगून नागपूरले निघून गेला. तुहे मायबाप गेले तवापासून ह्या हातानं तुले वाढवलं. पोलिसाले बयान दे म्हटलं त म्हणते, नंतर देतो. नंतर म्हणजे कधी? माणूस सरणावर गेल्यावर?

मासेमारीच्या दिवशी तू मासळी वाटायच्या नव्या ओट्याच्या अर्ध्या भिंतीवर मोजायचा टेप घेऊन उभा होता. खालचं सगळं तुले दिसत होतं. मी घाटावर भांडे घासत होती, बोंब ऐकून धावली. येऊन पायते त तुहे मोठेबाबा मासोळ्यांच्या वाट्यावर पालथे पडलेले, रोहूच्या खवल्यात रक्त, अन् लोक त्याच मासोळ्या तुडवत भांडून राह्यले. मार बसला तवा माहा नवरा वाट्यांकडे पाठ करून उभा होता, दर वर्षी राहते तसा. मागं लटारूभाऊ एकेका वाट्यावर हात ठेवून हा कोणाचा पुसे, अन् हे न पाहता नाव घेत. जन्मभर हेच केलं. माहा वाटा लहान आला म्हणून कोणी कधी तोंड उघडलं नाई. असा माणूस मागून मारला. माहा पोरगा हेमराज छाती ठोकून सांगते, टोल्यातल्या राजदीपनंच डोंगा वल्हवायचा बांबू डोक्यात घातला.

मोठेबाबाले घरी आणलं, पण पुसून फायदा नाई. तोंड वाकडं झालं, नुसती घरघर येते. अन् बोलता आलं असतं तरी काय सांगणार, त्याची त पाठ होती.

आम्ही काही बांगड्या भरून बसलो नाई. राजदीपचा डोंगा कुऱ्हाडीनं फोडला. जाळे विळ्यानं कापून तळ्यात फेकले. त्याले घरातून ओढत आणलं तवा त्याची बायको करिष्मा त्याच्या पायाले लोंबकळत होती, तिलेबी लाथा बसल्या. पोट्ट्यांनी त्याचा उजवा हात उंबरठ्यावर दाबून धरला अन् मुसळ मी घातलं. वाळली काडी मोडावी तसा आवाज आला. मले वाईट वाटलं नाई.

इलेक्शनपासून टोल्याच्या वस्तीत दोन झेंडे झाले होते, एकमेकाच्या मयतीले लोक जात नव्हते. आता पाह्य. झेंडा कोणताबी असो, सगळे मिळून राजदीपच्या घरावर गोटे मारतात. तू म्हणत होता ना, गोल ओटा बांधतो, कोपराच ठेवत नाई त कोणी कोपऱ्यात बसणार नाई, एकी होईल. तुह्या सिमेंटनं नाई झाली बापा, मुसळानं झाली.

फोन करू नको, फोन हेमराजच्या खिशात रायते. तूच मले प्रौढांच्या वर्गात बसवलं, अन् पत्र लिवत जा नाई त अक्षरं विसरशील म्हणाला. त घे. उलट टपाली लिही की राजदीपनं मारलं हे मी पायलं. तेवढंच लिही, बाकी शहाणपण तुह्याजवळ ठेव.

जेवत जा.

तुही मोठीमाय,
गोकुळा


नागपूर
१५ एप्रिल २०२५

ती. मोठीमायला शि. सा. न.,

पत्र पोचलं, शिव्याही पोचल्या. अक्षर आता इतकं वळणदार झालंय की शिव्यासुद्धा छापल्यासारख्या दिसतात.

मोठेबाबांना गिळता येतं का? डॉक्टरांनी दाखवलेला हातापायाचा व्यायाम आपली धाकटी आचल करून घेते ना? तिची बारावी झाली, टोल्यात काही पेटलेलं असो, तिला पुढे शिकवायचंच. कपिला गाय व्याली का? लटारूभाऊ त्या रेटारेटीत पडले होते, त्यांचा पाय कसा आहे?

मी पळालो म्हणतेस. पळालोच. इथे ऑफिसात नकाशे काढायला टेबलाशी बसतो आणि एक रेघ ओढता येत नाही. कॉलेजात मला शिकवलं की घराचा भार कुठून कुठे उतरतो, कोणती भिंत काढली तर चालते आणि कोणती काढली तर छप्पर खाली येतं. माणसांच्या घरात ती भिंत कोणती, हे कुठल्या वर्गात शिकवतात मला माहीत नाही. तू चाळिशी उलटल्यावर पाटी धरलीस तेव्हा मी मित्रांना सांगत सुटलो होतो की माणूस मरेपर्यंत शिकतो. त्या दिवशी भिंतीवरून जे शिकलो ते मात्र मला परत देऊन टाकायचंय, आणि घेणारा कोणी नाही.

गोल ओट्याला हसलीस ते बरोबर केलंस. पण तू लिहितेस ती एकी मला त्या अर्ध्या भिंतीहून कच्ची वाटते. सगळ्यांनी मिळून एकाला मध्ये घ्यायचं आणि ठेचायचं, म्हणून सगळे एक. तो संपला की मध्ये कोणाला घेणार? मोठेबाबा पाठ करून उभे राहायचे तेव्हा दोन्ही झेंड्यांची माणसं चिखलात शेजारी शेजारी बसून, नाव येईल तो वाटा उचलायची. त्याला मी एकी म्हणतो. तिला ना सिमेंट लागायचं ना मुसळ.

राजदीपला यापुढे कोणी हात लावू नका. करिष्मालाही. एवढं तुझ्याकडे भीक मागतो. बयानाचं मात्र मला विचारू नकोस. ज्या चुलीचं खाऊन मोठा झालो तिच्यात पाणी ओतणं मला जमणार नाही. काही नाती न बोलण्यानंच टिकतात असं वाटतं. चुकतही असेन.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस. जेवतो वेळेवर.

तुझा,
निकेश


आंबेटोला
२० एप्रिल २०२५

निकेश,

एवढा शिकला अन् तुले लपवता येत नाई.

तुहं पत्र मी ओळीखाली बोट धरून वाचलं. मोठेबाबाचं पुसलं, आचलचं पुसलं, गाईचं पुसलं, लटारूभाऊच्या पायाचंबी पुसलं. हेमराजचं पुसलं नाई. तुम्ही दोघं चुलतभाऊ एका ताटात जेवले, एका गोधडीत निजले. होस्टेलात होता तवापासून तुह्या एकाबी पत्रात हेमराज सुटला नाई. यावेळी सुटला. मले वाटलं मलेच वाचता येऊन नाई राह्यलं, म्हणून मी पुन्हा पयल्यापासून पायलं.

मंग मी राजदीपच्या घरी गेली. करिष्मा दार उघडेना, तिले वाटलं पुन्हा मुसळ घेऊन आली. राजदीप खाटेवर पडला होता, हात भोपळ्यावाणी सुजला, त्यातून पू वाहते. मले पायल्याबरोबर त्यानं माह्या मायवरून शिवी देली. मी आईकून घेतली. मंग तो बोलला. मोठा मासा कोणीतरी बाजूले सरकवला म्हणून त्याचं अन् हेमराजचं वाजलं. हेमराजनं बांबू उचलला तो राजदीपसाठीच. राजदीप खाली वाकला. मागं तुहे मोठेबाबा उभे होते.

मले खोटं वाटलं. घरी आली, हेमराजले वाढलं अन् सरळ पुसलं, राजदीप वाकला होता का. त्यानं ताट भिंतीवर फेकून मारलं अन् माहा गळा धरला. धरला, सोडला, मंग चुलीजवळ बसून लेकरावाणी रडला. हो म्हणाला नाई, नाई बी म्हणाला नाई. माह्या गळ्यावर त्याचे बोटं उमटले आहेत, पदर गुंडाळून फिरते. आचलनं पायलं, अन् तिनंच हळद लावून देली.

आता नीट आईक. येत्या रविवारी, सत्तावीसले, तुह्या त्या ओट्यावर टोल्याची बैठक आहे. राजदीपचं घर जाळायचं, त्याले बायकोलेकरासकट हाकलायचं, अन् हेमराजले मासेमार सोसायटीचा अध्यक्ष करायचं. पोट्ट्यांनी पेट्रोलच्या बाटल्या भरून ठेवल्या, दोन्ही झेंड्यांच्या. हेमराजच्या गळ्यात हार घालतील अन् तो घालून घेईल. पुढच्या मासेमारीले बापाच्या जागी तोच उभा राहील. अन् राजदीपनं करिष्माले सांगून कोयता उशाशी घेतला आहे. डाव्या हातानं का होईना, एकाले तरी कापीन म्हणते. रविवारी एक तरी मुडदा पडते, लिहून ठेव.

मी उठून बोलली त म्हणतील, नवऱ्याच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलं. मी पायलंच नाई. पायलं तू.

तू लिवते, न बोलल्यानं नाते टिकते. कोणाचं टिकलं? तुह्या मोठेबाबाचं तोंड देवानं बंद केलं, हेमराजचं भेवानं, तुहं शिक्षणानं. एका घरात तीन मुके, अन् बाहेर दुसऱ्याचं घर जळणार. माह्या चुलीचं खाल्लं म्हणून गप्प बसते, त ते ओकून टाक. हेमराज जेलात जाईल हे मले कळते. डबा घेऊन मी जाईन. मुसळाचं काय करायचं तेबी माहं मी पाहीन, पोलिसाले माह्या तोंडानं सांगीन, त्यात तू बोलू नको.

तुले एवढंच करायचं आहे. जे पायलं ते लिही, खाली सही कर. घरच्या पत्त्यावर टाकू नको, आता हेमराज पोस्टमनची वाट अडवून बसते. करिष्माच्या नावानं स्पीड पोस्टानं पाठव, हेबी मी तसंच टाकते. रविवारी मी ओट्यावर उभी राहून सगळ्यांपुढं वाचीन, मोठ्यानं वाचता येते मले. नाव आख्खं लिही, पोलिसाले लागते तसं. हेमराज केवळराम मांदाडे. मारणाऱ्याचं नाव लिवतानी मधात मार खाल्लेल्याचं नाव येते, तिथं तुहा हात थांबेल. थांबवू नको. माहा थांबला नाई.

माया आटली नाई. पण शनिवारपर्यंत तुहं पत्र करिष्माच्या दारात पडलं नाई, नाई त तू स्वतः येऊन उभा राह्यला नाई, त मले मोठीमाय म्हणून पुन्हा हाक मारू नको. येते की नाई, शनिवारपर्यंत सांग.

गोकुळा