कालव्यापलीकडचं आभाळ

दादा, तुमची आक्का, माझी आत्या, गेली. झोपेतच गेली, कुणालाही त्रास न देता. जिवंतपणी सगळ्यांना पुरेसा त्रास देऊन झाला होता, म्हणून असेल. तेराव्याचं उरकून मी श्रीरामपूरला परत आले, चहाला आधण ठेवलं आणि फळीवरचा काकवीचा पत्र्याचा डबा दिसला. यंदाचाच. तळाशी थोडी काकवी उरली आहे. खाववत नाही आणि टाकवत तर नाहीच. तुम्हाला ओळखणारं, तुमच्यावर चिडणारं, तुमची नक्कल करून दाखवणारं असं माझ्याखेरीज एकच माणूस उरलं होतं, ते आत्या. आता तुमच्याविषयी कुणाशी बोलायचं? म्हणून तुमच्याशीच बोलते.

माझे वडील विमान चालवायचे असं सांगितलं की नातवंडांना पांढरा गणवेश, टोपी आणि काचेचा मोठा विमानतळ दिसतो. तुम्ही खाकी पँटीत, डोक्याला आईचा जुना रुमाल बांधून निघायचात. विमान एकाच माणसाचं, पोटात औषधाची टाकी. साखर कारखान्याने उसावर फवारणी करायला एका खाजगी कंपनीकडून ते आणि तुम्हाला, असं दोघांनाही आणलं होतं. कारखान्यामागे मुरूम दाबून केलेली धावपट्टी, आणि विमान उतरायच्या आधी तिच्यावरची गुरं हाकलायला एक म्हातारा. तुमच्या कामाची एक रीत होती, ती मला फार आवडायची. ज्या शेतावर फवारायचं त्याच्या दोन्ही टोकांना पांढरं फडकं लावलेले बांबू धरून माणसं उभी राहायची. ती दोन निशाणं एका रेषेत धरून तुम्ही उसाच्या शेंड्यांना घासत यायचात, विमान पुढे गेलं की माणसं थोडी सरकायची, आणि तुम्ही वळून पुन्हा यायचात. निशाण असेल तिथे औषध पडायचं. तेवढीच तुमची आणि जमिनीवरच्या माणसांची भाषा होती. आणि काम संपवून जाताना तुम्ही एक पंख जरासा हलवायचात, तो रामराम.

मग बांगलादेशचं युद्ध झालं. ते संपलं, खिडक्यांच्या काचांवरचे काळे कागद निघाले, पण पुढच्या वर्षी कारखान्यात सरकारी हुकूम आला की नगरच्या बाजूला लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो, लष्कराच्या छावण्या आहेत, तेव्हा कालव्याच्या दक्षिणेला कुठल्याही खाजगी विमानाने उडायचं नाही. तुम्ही कधी त्या हुकमाला नावं ठेवली नाहीत. पण आत्याचा ऊस नेमका कालव्यापलीकडे होता. आणि त्याच वर्षी उसावर पाकोळी ही कीड पडली. ती पानांतला रस शोषते, वर काळी काजळी धरते आणि बघता बघता अख्खा फड वाळून जातो. डोक्यावर गेलेल्या उसात पंप पाठीला लावून माणूस शिरू शकत नाही. फवारणार ते विमानच.

आत्या रविवारी आली. आई माहेरी गेली होती, म्हणून चूल माझ्याकडे. आत्याने पिशवीतून उसाची काळी पडलेली पानं काढली आणि तुमच्या ताटाशेजारी ठेवली. तिचे यजमान, आमचे मामा, गेल्यापासून ती एकटीने शेत करत होती, मागणं तिला माहीत नव्हतं. ती सरळ हुकूम करायची.

"उद्या येऊन मारून जा."

"आक्का, न्हाई येता यायचं. कालव्याच्या पल्याड बंदी हाय."

"आता आभाळाला बी बांध घातला का रं सरकारनं?"

"घातला. तिकडं तोफा चालत्यात. त्यांचं बी खरं हाय. कारखान्यानं परवानगी मागितलीय, आली की पयलं तुझंच रान."

"तवर ऊस थांबतोय व्हय?"

तुम्ही मान खाली घालून भाकरी मोडत राहिलात. आजोबा तुम्हाला विमान शिकायला पाठवत नव्हते तेव्हा याच बाईने दोन दिवस घरात चूल पेटू दिली नव्हती, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. ती चहा न घेता उठली. ती गेल्यावर मी म्हटलं, "दादा, या ना पटकन जाऊन. वर कोण बघायला बसलंय?" तुम्ही माझ्यावर कधी ओरडत नसायचात, त्या दिवशी ओरडलात. "वर कुणी बघत नसतं, म्हणूनच तिथं नियम पाळायचा असतो! समजलं?" मला रडू आलं. कशाला मध्ये बोलले असं झालं. ते वाक्य माझ्या डोक्यात इतकं बसलं की पुढे माझ्या मुलांना परीक्षेत कॉपी करायचीही सोय उरली नाही.

मंगळवारी सकाळी तुम्ही ओट्याशी उभ्या उभ्या चहा पिताय. बशीत ओतून, फुंकर न घालता, घाईने. रुमाल बांधता बांधता म्हणताय, "आज आक्काकडं जाऊन येतो." मला वाटतं, काम संपल्यावर फटफटीवरून जाणार, तिची समजूत काढायला. मी म्हणते, "मग येताना चिंच आणा." तुम्ही हसता आणि बाहेर पडता. हे सगळं मला काल घडल्यासारखं दिसतं, दादा. चिंच आणा म्हटलं मी.

दुपारपर्यंत कारखान्याच्या सगळ्या वसाहतीत झालं होतं की विमान कालवा ओलांडून गेलं, लष्कराच्या चौकीने पाहिलं. चार दिवसांनी पाहुणे-बंगल्यात साहेब लोक चौकशीला बसले. मी तुमचा डबा घेऊन गेले आणि व्हरांड्यात थांबले. दार उघडंच होतं. एक साहेब विचारत होता, इतकी वर्षं याच भागात उडणाऱ्या माणसाला एवढा मोठा कालवा दिसला नाही? तुम्ही म्हणालात, "उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती. माझी दिशा चुकली." त्याने पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा तेच. तिथल्या विहिरी, विजेच्या तारा, बाभळी, डोळे मिटून सांगू शकणारा माणूस मान खाली घालून सांगत होता की आपण वाट चुकलो. मला बाहेर उभं राहून लाज वाटली. मग तुम्ही बाहेर आलात, म्हणालात, "डबा आणलास? चल, लिंबाखाली बसू." जेवताना एवढंच बोललात की भाजीत मीठ बरोबर पडलंय.

आत्याने आपल्या रानात निशाणं उभी केली होती, हे मला दिवाळीत कळलं. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तिचा सालगडी, आणि बांबूला मामांचं पांढरं धोतर फाडून बांधलेलं. कालव्याअलीकडे फवारणी चालली असताना विमानाला ती निशाणं दिसतील, कारखान्याचीच समजून भाऊ येईल, असा तिचा हिशेब. तुम्ही चौकशीत एवढंच सांगितलं असतंत की निशाण पाहून फसलो, तर कदाचित ताकीद देऊन सोडलं असतं. पण मग निशाण कुणी लावलं हा प्रश्न आला असता. युद्ध नुकतंच संपलेलं, आणि लष्कराच्या हद्दीजवळ विमानाला खुणा करणारी एक बाई! पोलिसांनी तिला काय काय विचारलं असतं, कोण जाणे. म्हणून तुम्ही वाट चुकलात. उडायचा परवाना गेला तो गेलाच.

पुढची वर्षं मला नीट आठवायची नसतात. कारखान्याने तुम्हाला औषधांच्या गोदामात बसवलं. बाजारात कुणीतरी हटकून विचारायचं, "काय ओ पायलट, घर सापडलं का?" आणि तुम्हीही त्याच्याबरोबर हसायचात, मला त्या हसण्याचा फार राग यायचा. नवा पायलट आला, पोरसवदा. त्याला जीपमध्ये घालून तुम्ही गावोगाव हिंडलात, कुठे तार आडवी येते, कुठे वारा खाली दाबतो, सगळं दाखवलंत. विमान गोदामावरून जायचं तेव्हा तुम्ही वर बघत नसायचात. हातातलं काम तेवढं थांबायचं, आवाज विरला की पुन्हा सुरू. तुम्ही त्यानंतर फार जगला नाहीत. डॉक्टर काहीही म्हणोत, मला कारण ठाऊक होतं.

आणि दर हंगामात आत्याचा काकवीचा डबा यायचा. तुम्ही गेल्यावर तो माझ्या नावाने येऊ लागला. मला वाटायचं, आपल्या निशाणांनी भाऊ फसला असं ती मनात धरून बसली आहे आणि त्याची भरपाई करते आहे. तुम्ही फसला नव्हतात, ठरवून गेला होतात, हे फक्त मला माहीत होतं. चहाच्या बशीवर तुम्ही ते मला सांगून गेला होतात. ते मी कुणालाही दिलं नाही. पण यंदा आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा मला राहवेना. म्हटलं, निदान तिने हे ओझं घेऊन जाऊ नये. तिचा हात धरून सांगितलं, आत्या, दादा फसले नव्हते, सकाळी मला सांगून निघाले होते.

तिने माझ्या हातावर थोपटलं. मग म्हणाली, "मला ठावं हाय की. त्यो आदी माझ्या डोईवरनं गेला, पंख हालवला. माझ्या नजरंला नजर दिली त्यानं. मग फिरून येऊन फवारलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"त्यो न्हाई बोलला. त्यानं माझ्यापायी खोटं धरलं, ते मी का मोडू?"

दादा, खरं सांगते, मला त्या क्षणी तिचा राग आला. तुमची एवढी एकच गोष्ट माझ्या एकटीची होती, आणि तीही तिची निघाली. मग दोघी खूप रडलो. ती जाईपर्यंत आम्ही रोज तुमच्याविषयी बोललो.

हे लिहिलेलं घालायला घरात एक पाकीट होतं, ते समोर घेऊन बसले होते. कारखान्याच्या जुन्या वसाहतीचा पत्ता घालावा असं उगाच मनात आलं. नको. राहू दे कोरं. पण एक विचारायचं राहिलं. त्या मंगळवारी तुमचं विमान आपल्या घरावरूनच गेलं. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आवाज ऐकला, पण तो रोजचाच, आणि हातात ओली चादर होती. मी वर पाहिलं नाही. दादा, तुम्ही पंख हलवला होता का?