फुटाणा-बत्ताशीचा पिंजऱ्याबाहेरचा तास

३ ऑगस्ट
किंजल पुण्याला हॉस्टेलवर गेली. लेकीचे दोन शुगर ग्लायडर, फुटाणा आणि बत्ताशी, आता माझ्या ताब्यात. खारीपेक्षा लहान प्राणी, उडी मारली की अंगाची कातडी पसरून तरंगतात. रोज संध्याकाळी तासभर बंद खोलीत मोकळं सोडायचं, आपण शांत बसायचं, ते आपण होऊन अंगावर येतात, असं ती सांगून गेली. त्याच वेळी ती मला व्हिडिओ कॉल करणार. दिवाळीपर्यंत माझ्याकडे रुळले नाहीत तर मैत्रिणीला देणार. म्हणजे कॉलही बंद. तारापूर एमआयडीसीतल्या सेफ्टी ऑफिसरला ही धमकी. हसलो.

४ ऑगस्ट
खोली तपासली. फटींना टेप. बादलीवर झाकण. पंख्याच्या बटणाला लाल टॅग : काम चालू आहे, बटण दाबू नये. मेघालीने विचारलं, कोणाचं काम? बायकोला सेफ्टी कल्चर नाही.

५ ऑगस्ट
पहिला प्लेटाइम. आधी दोघांना सूचना दिल्या, कंपनीत देतो त्याच. तिथे कामगार जांभया देतात. इथे दोघं पडद्यामागे गेले आणि बिघडलेल्या मिक्सरसारखा आवाज काढू लागले. आनंदाचा असावा. किंजल म्हणाली, बाबा, ते घाबरलेत. फोनवर तिला नीट ऐकू येत नसणार.

९ ऑगस्ट
भयंकर उकाडा. सूचना देता देता पंख्याचं बटण मीच दाबलं. लाइट गेली होती म्हणून निभावलं. थोडक्यात टळलेल्या अपघाताला आमच्याकडे नियर मिस म्हणतात. कारण : बटणाची जागा चुकीची.

१४ ऑगस्ट
अजून पडद्यामागेच. किंजलचा सल्ला, तुमच्या अंगाचा वास ओळखीचा होऊ दे, वापरलेला कपडा पिंजऱ्यात ठेवा. वापरलेला म्हणजे काय ते मला शिकवू नये. आठवडाभर प्लांटमध्ये घातलेला बॉयलर सूट कापून त्यांना झोपायला झोळी शिवून घेतली. मायेने टांगली.

१५ ऑगस्ट
दोघं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात लटकलेले, झोळीपासून जमेल तितके लांब. उंचीची आवड दिसते.

२१ ऑगस्ट
माई शिरगावहून आली, गुडघा दाखवायला. माझी आई, पण दारातूनच विचारते, घरात औषद मारलंय काय रे? मग झोळीपाशी नाक नेऊन म्हणाली, याला कंपनीचा वास हाय, मरतील ना ती उंदरं. मी हुंगली. मेघालीने हुंगली. कसलाही वास नाही. इथे बोईसरमध्ये, कारखान्यांशेजारी जन्म काढलेल्या दोन माणसांचं मत धरायचं की आजच आलेल्या बाईचं? माईने झोळी बाल्कनीत फेकली आणि आपलं जुनं झंपर पिंजऱ्यात कोंबलं. वयाचा मान राखून झोळी बाल्कनीतच राहू दिली.

२४ ऑगस्ट
आज प्लेटाइमला माई बसली. नुसती बसली, गुडघ्याला तेल चोळत. कसल्याही सूचना नाहीत. फुटाणा तिच्या खांद्यावर उतरला, बत्ताशी सरळ पदरात. माई म्हणाली, ही मेली गुदगुल्या करते, काढा हिला, आणि स्वतःच तिला पदराने झाकलं. माझ्या ट्रेनिंगचा परिणाम उशिरा दिसतो. किंजल फोनवर इतकी हसली की मला भरून आलं. पोरीशिवाय घर खायला उठतं. हे इथेच लिहितो.

२ सप्टेंबर
तीन दिवस किंजलचा कॉल नाही. नेटवर्क. मेघाली म्हणाली, रोज येतो की, माईंच्या मोबाईलवर. नंबर चुकत असणार.

८ सप्टेंबर
किंजलचा निरोप, मेघालीमार्फत. दोघं छान रुळलेत, मैत्रिणीला देणार नाही, माईला इथेच ठेवून घ्या. फक्त त्या तासाला बाबांनी आत बसू नये, ते बाहेर असले की पिल्लं मोकळी खेळतात. माईने आतून दार लावून घेतलं. आजी-नातीचं हसणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. मी बाहेर खुर्ची टाकली आहे. कंपनीत बंद टाकीत माणसं उतरली की टाकीच्या तोंडाशी एक जबाबदार माणूस बसवावाच लागतो. नियम आहे. त्याने आत जायचं नसतं.