नऊ इंचांचा तुकडा

मी, उदयसिंग भाऊसिंग आडे, वय ७१ वर्षे, धंदा भांड्यांवर नावे घालणे (आता बंद), राहणार मंगरूळपीर, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याने दिसते. कोणी भीती घातली म्हणून किंवा गोड बोलले म्हणून मी हे लिहीत नाही. गोड बोलायला घरी कोणी येत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे व्हावी. ती करण्याचे काम मी राजपाल धनराज चव्हाण, सायकल दुरुस्तीचे दुकान, मंगरूळपीर, यांच्यावर सोपवतो. त्यांनी होकार दिला आहे.

१. राहते घर, दोन खोल्या व मागची न्हाणी, माझी एकुलती मुलगी सौ. रंजीता हिला द्यावे. ती नाशिकला असते. दर रविवारी फोन करते, जेवलात का विचारते. मी हो म्हणतो. घर विकायचे असल्यास तिने खुशाल विकावे. मागच्या खोलीचे दार पावसाळ्यात फुगते, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल ते तिचेच.

३. घरातील भांडी. ही बेचाळीस आहेत आणि एक सोडून कशावरही नाव नाही. माझी पत्नी रुखमाबाई मला नेहमी म्हणायची, "साऱ्या गावाचे नावं टाकता, माह्या भांड्याईवर एक नाव टाकून द्या." मी उद्या म्हणायचो. लग्नकार्यात भांडी शेजारी जायची आणि सगळी परत यायची नाहीत. आमची मोठी परात या गल्लीतच कोणाच्या तरी घरी आहे. कोणाच्या, ते मला माहीत आहे. नाव नसल्याने मला ती ओळखून मागता आली नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती ठेवावी. रुखमाबाई गेल्यावर, तेराव्या दिवशी, मी तिच्या पाणी पिण्याच्या गडव्यावर तिचे नाव घातले. तो गडवा रंजीताने न्यावा. बाकीची भांडी मोडीत घालावी.

४. हत्यारे. सात छिन्न्या, दोन हातोड्या, एक लाकडी ठोकळा. ही राजपाल यांना द्यावीत. मी अडतीस वर्षे एकाच भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून हे काम केले. गिऱ्हाईक आत भांडे घ्यायचे आणि बाहेर येऊन माझ्याकडून त्यावर नाव घालून घ्यायचे. छिन्नीचे टोक टेकवायचे, हातोडी मारायची, एक ठिपका. ठिपक्याला ठिपका लागून अक्षर. दुकानाच्या जुन्या मालकांनी मला कधी छत्री लावू दिली नाही. आतला माल झाकला जातो म्हणायचे. पुढे त्यांनी विजेवर चालणारे यंत्र आणले आणि मला उठवले. त्यांचा मुलगा अमरदीप आज या कागदावर साक्षीदार आहे. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या वडिलांबद्दल आहे आणि ती मी मागे घेत नाही.

मी डावखुरा आहे. माझे ठिपके किंचित डावीकडे झुकतात. हे पुढच्या कलमासाठी ध्यानात ठेवावे.

५. सायकल. तीन वर्षांपूर्वी मी कारंजा रस्त्यावरील भंगाराच्या दुकानातून एक जुनी सायकल घेतली. मला सायकल नको होती. उघडून परत बसवता येईल असे काहीतरी घरात हवे होते. तिला सरळ हँडल, मागे जड कॅरिअर आणि दुधाचे कॅन अडकवायचे दोन आकडे होते. रंग निळा, ब्रशने मारलेला.

राजपाल यांनी पाहिल्यावर सांगितले, "काका, दूधवाल्याची हाय. कायले घेतली?"

मी सांगाड्यावर बोटाच्या पेराने टकटक केली. भांड्याचा पत्रा किती जाड आहे हे आम्हाला आवाजावरून कळते. दूधवाल्याच्या सायकलची नळी आखूड बोलते. ही घागरीसारखी लांब बोलली. मी त्यांना सांगितले, ही शर्यतीची आहे. ते हसले. मग त्यांनी स्वतः टकटक केली आणि हसायचे थांबले.

आम्ही ती उघडली. निळ्याखाली हिरवा रंग निघाला, हिरव्याखाली लाल, सगळ्यात खाली काळपट तांबडा. नळ्यांच्या सांध्यांवर बारीक नक्षीची टोके होती, ती रंगाने बुजली होती. मागचे चाक बसते ती खाच लांब होती, जशी शर्यतीच्या सायकलला असते. काळपट तांबडा रंग दिसल्यावर मी तीन दिवस दुकानात गेलो नाही. त्या रंगाची एक सायकल मला माहीत होती. मग मी स्वतःला सांगितले की तशा पुष्कळ असतील, आणि गेलो.

हँडलखालून पायडलकडे उतरणारी जी तिरपी नळी असते, तिच्यावर वरच्या टोकाशी लोखंडी पट्टी गुंडाळून पितळेचा डाग दिलेला होता. म्हणजे तिथे ती कधीतरी तुटली होती. राजपाल म्हणाले, पट्टी धरून आहे, राहू द्या, रंग मारू. त्या पट्टीवर सायकल आणखी वीस वर्षे चालली असती. मी म्हणालो, काढा. त्यांनी गॅसने तापवून पट्टी काढली. मी कानशीने पितळ घासले.

नळीच्या पोटाला, खालच्या बाजूने, ठिपक्यांत नाव होते. धरमसिंग भाऊसिंग आडे. ठिपके डावीकडे झुकलेले. तडा नावातून गेला होता, पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत, शिवणीतून कापड फाटावे तसा.

धरमसिंग माझा धाकटा भाऊ. आमच्यात पाच वर्षांचे अंतर आहे. तो शर्यतीत सायकल चालवायचा. वडिलांनी म्हैस विकून त्याला ही सायकल आणून दिली होती, तीही अकोल्याहून, जुनीच. आमच्या बंजारा तांड्यात सगळे तिला मेंढ्याची सायकल म्हणायचे, तिचे हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले होते म्हणून. चोरी होऊ नये म्हणून तिच्यावर नाव घालायचे मी ठरवले. आम्ही नाव नेहमी लपत्या बाजूला घालतो. वरचे नाव चोर घासून काढतो. म्हणून मी सायकल उलटी केली आणि नळीच्या पोटाला घातले. रंग फोडून धातूत बसावे म्हणून जोरात घातले, पितळी घागरीवर घालतो तसे. घागरीला कोणी खड्ड्यातून पळवत नाही. हे मला सुचले नाही. धरमसिंगला सुचले होते. तो म्हणाला होता, हळू मार, नळी पातळ आहे. मी म्हणालो होतो, धातू मला शिकवू नको.

ही गोष्ट १९८४ च्या जानेवारीतली. त्याच महिन्यात वाशीमकडून मंगरूळपीरकडे येणाऱ्या शर्यतीत, एका पुलाच्या उतारावर, सायकल त्याच्याखाली मोडली. त्याचा उजवा गुडघा गेला. पुढच्या महिन्यात त्याची पोलीस भरती होती.

तांड्यात नसाब बसली. नसाब म्हणजे आमच्या तांड्याची न्यायाची बैठक, ती तांड्याचे प्रमुख, म्हणजे नाईक, यांच्या दारासमोरच्या कडुलिंबाखाली बसते. वडिलांचे म्हणणे होते की म्हैस गेली, सायकल गेली, पोराचा पाय गेला, हे झाले कसे ते कळावे. धरमसिंग म्हणाला, नळी आपोआप तुटली. नाईकांनी मला विचारले, कारण मी धातूत काम करणारा. मी सांगितले की लोखंड आपोआप तुटत नाही. मी सांगितले की हा दारू पिऊन चालवत असणार. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला नव्हता. मोडलेला सांगाडा तिथेच लिंबाला टेकवून ठेवला होता. मी तो उलटा करून पाहिला नाही. कारागिराने आपल्या हाताखालून गेलेली वस्तू तुटली तर ती आधी उलटी करून पाहावी.

बैठकीने माझे ऐकले. धरमसिंगने सगळ्यांदेखत वडिलांचे पाय धरून दारूची कबुली द्यावी असे ठरले. त्याने पाय धरले नाहीत. लंगडत उठला आणि गेला. त्याची ठरलेली सोयरीक मोडली. तो अनसिंगकडे मामाच्या तांड्यावर राहिला, तिथेच पुढे लग्न केले. आमच्या तांड्यात आजही त्याचे नाव निघाले की म्हणतात, तो पिऊन पडलेला. तो कधीही पीत नव्हता. वडील गेले, आई मोतीबाई गेली, त्याला निरोप गेला, तो आला आणि दुसऱ्या टोकाला बसला.

नाव सापडल्यावर राजपाल यांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी हातातला टायर बाजूला ठेवला. मग म्हणाले, नळी बदलावी लागेल. त्यांनी तडकलेला भाग कापून काढला, नऊ इंच, आणि नवा जोड घातला. पुढचे आठ महिने आम्ही ती सायकल उभी केली. वळलेले हँडल अकोल्याच्या जुन्या बाजारात मिळाले. चामड्याची सीट तेलात मुरवली. चाकांच्या तारा मी स्वतः ओढल्या, चाक फिरवून, कानाने. रंग काळपट तांबडाच दिला. ती आता चालते. मी चालवली नाही.

ही सायकल माझा भाऊ धरमसिंग याला द्यावी. त्याचा गुडघा वाकत नाही हे मला माहीत आहे. त्याने ती कोणाला द्यावी, विकावी की विहिरीत टाकावी, हे त्याने ठरवावे.

६. कापून काढलेला नळीचा नऊ इंचांचा तुकडा हिरव्या ट्रंकेत, रुखमाबाईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. तो घासू नये, रंगवू नये. माझ्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत राजपाल यांनी तो घेऊन आमच्या तांड्यावर जावे. आता नाईक जुन्या नाईकांचे नातू आहेत. लिंब तोच आहे. तिथे नसाब बसवावी, धरमसिंगला मानाने बोलवावे आणि कलम पाच मोठ्याने वाचावे. तुकडा हातोहात फिरवावा. ज्याला वाचता येत नाही त्याने अंगठा फिरवून पाहावे. जे खोटे मी त्या जागी बोललो ते दुसऱ्या जागी खोडता येत नाही, असा आमच्यात रिवाज आहे.

हे मी जिवंतपणी का केले नाही, असे कोणी विचारील. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी तुकडा पिशवीत घालून अनसिंगच्या गाडीत बसलो होतो. स्टँडवर जांब, म्हणजे पेरू, घेतले. धरमसिंग अंगणात बाजेवर पाय लांब करून बसला होता. आम्ही भाऊ आपसात गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलत आलो. तो माझ्याशी वऱ्हाडीत बोलला, बाहेरच्या माणसाशी बोलावे तसे.

"काहून आले तुमी?"

"असाच."

"असाच त चाळीस वर्सात नाई आले."

त्याच्या बायकोने चहा दिला. आम्ही तुरीबद्दल बोललो. त्याने पिशवीकडे पाहिले आणि विचारले, "काय आनलं?"

मी म्हणालो, "जांब."

जांब तिथे ठेवले. तुकडा परत आणला. येताना गाडीत तो मांडीवर होता आणि जड लागत होता. त्याचे वजन पाव किलोसुद्धा नाही.

७. माझ्या नावाची पाटी, बाक किंवा भांडे कोणी कुठेही देऊ नये. मी आयुष्यात पुरेशी नावे घातली.

८. हे कलम मी आज, वरचे सर्व लिहून झाल्यावर, वाढवत आहे. मजकूर मी राजपाल यांना वाचून दाखवला. त्यांनी हात पुसत विचारले, "काका, धरमकाका तुमच्या अगुदर गेले त? नंबर लावून मरते काय कोनी?"

मी म्हणालो, तो पाच वर्षांनी लहान आहे.

ते म्हणाले, "तुमी मेल्यावर खरं बोलसान. त्याईनं आयकाचं कवा?"

 म्हणून लिहितो. सोमवारी सकाळी नऊच्या गाडीने मी अनसिंगला जाण्याचे ठरवले आहे. तिथून धरमसिंगला घेऊन, तो आला तर, तांड्यावर. तो आला नाही तर एकटा तांड्यावर. असे मी पूर्वीही ठरवले होते, हे वर लिहिलेच आहे. त्यामुळे माझ्या ठरवण्यावर राजपाल यांनी विसंबू नये. माझ्या मृत्यूनंतर त्यांनी सर्वांत आधी हिरवी ट्रंक उघडावी. तुकडा तिथे असेल तर मी गेलो नाही, असे समजून कलम सहाप्रमाणे करावे, आणि लोकांना माझ्याबद्दल जे म्हणायचे ते म्हणू द्यावे. फडके रिकामे असेल तर कलम सहा रद्द समजावे. ते काम झालेले असेल.

येणेप्रमाणे मी हे लिहून, वाचून, समजून सही करत आहे.

(सही) उदयसिंग भाऊसिंग आडे

आम्ही खाली सही करणारे सांगतो की उदयसिंग यांनी हा कागद आमच्यासमोर स्वतः मोठ्याने वाचला. कलम पाचमध्ये ते एकदा थांबले, पाणी प्याले आणि पुढे वाचले. नंतर त्यांनी आमच्यासमोर सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. सहीनंतर त्यांच्या सांगण्यावरून आम्ही हिरवी ट्रंक उघडून पाहिली. आज रोजी तुकडा ट्रंकेत आहे.

साक्षीदार
१. (सही) अमरदीप जगदेव इंगोले, भांड्यांचे दुकान, मंगरूळपीर
२. (सही) मनकर्णाबाई रामभाऊ खडसे, शेजारी, निवृत्त परिचारिका, मंगरूळपीर

ठिकाण : मंगरूळपीर, जिल्हा वाशीम
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार