चिरनेरला आवतण नाही

चिरनेर, २९ जानेवारी २०२६

चि. सौ. वेणू हिस,
अ. उ. आ. धाकट्या बहिणीला आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले, मनापासून लिहिले असे समजू नकोस. फोनवर तुझा नंबर मी बंद करून टाकला आहे, म्हणून पोस्टाने कळवतो.

सव्वीस जानेवारीला खांदा कॉलनीच्या हॉलात ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेला तू गेलीस. नुसती गेली नाहीस, डोळे मिटून, हात पसरून तिथे गायलीस! आमच्या पोराच्या, मितेशच्या मोबाइलवर तो तुकडा आला आणि दुपारपर्यंत अख्ख्या गावाने पाहिला. तुझ्या वहिनीला बाजारात बायका विचारतात, नणंद बाटली का म्हणून. पंचायतीत दोनदा निवडून आलेला मी, खाली मान घालून चहा पितो आहे. देशासाठी प्रार्थना होती म्हणे! मग आपल्या देवळात काय जागा नव्हती?

एप्रिलात रंजिताची हळद आहे. आपल्या घरची धवलारीण तू. तुझ्या धवल्यांशिवाय आपल्या मांडवात हळद लागलेली नाही. पण आता नको. लग्नाची गाणी म्हणायला मी गावातल्या रंभाला सांगितले आहे. पोर आत्यासाठी रडते आहे. रडू दे.

तब्येतीला जप. राग आहे, पण तू बहीण आहेस हे विसरलेलो नाही.
बळीराम


सुकापूर, ४ फेब्रुवारी

ती. बळीदादास वेणूचा सा. न. वि. वि.
कोळंबी सोलत होते, तुझं पत्र वाचलं नि तशीच टाकून लिहायला बसले. आमी सगळी खुशाल हाव. तू इचारलं नायस, तरी सांगते.

बाटली म्हणे! देव्हाऱ्यात एकवीरा आय हाय, रोज तिला फूल वाहते. तुला काय बोलायचं ते बोल, पण आधी मला इचारायचं होतंस ना रे!

अरुंधती माझी शेजारीण, ख्रिस्ती हाय. नर्स होती. आमच्या सुकापुरातल्या निम्म्या पोरांना पोलिओचे थेंब तिनं पाजले. त्यांची माणसं दरसाल सव्वीस जानेवारीला एकत्र बसून देशासाठी मागणं मागतात. जवानांसाठी, पावसापाण्यासाठी, परीक्षेला बसणाऱ्या पोरांसाठी. आपण रामराम करतो तसं ते एकमेकांना सलाम म्हणतात नि बसतात, बाकी काय नाय. यंदा कुठले कोण चार जण हॉलच्या दारात उभे. देशासाठी प्रार्थना करायची परवानगी दाखवा म्हणाले! अरुंधती बिचारी घरी परतायला निघाली. माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या आयसाठी दिवा लावायला कोण परवानगी मागतो? मी तिचा हात धरला नि त्यांच्या नाकासमोरून आत गेले.

आत एकेक जण उठून देशासाठी चार शब्द बोलत होता. अरुंधती म्हणाली, वाटलं तर तू तुझ्या रीतीनं म्हण. मना त्यांच्या देवाशी बोलायची रीत ठाव नाय. मग येतं तेच म्हटलं. लग्नात गाण्यातून गावोगाव आवतण देतो ना, तसं देशाच्या मांडवाला सगळ्यांना हाकारलं. तू तुकडा पाहिलास, पूर्ण ऐक नि मग बोल.

रंभाचा गळा बरा हाय. पण रंजिताला अंगाखांद्यावर मी खेळवली. तिच्या हळदीला मीच गाणार.

माया हाय ती तशीच ठेव, डोकं तेवढं थंड कर.
वेणू


चिरनेर, १२ मार्च

चि. सौ. वेणू हिस,
अ. उ. आ.
मितेशने पूर्ण व्हिडिओ मिळवला. ओटीवर बसून ऐकला. दारातली ती माणसे पाहून माझेही टाळके सरकले, हे कबूल करतो. प्रार्थनेच्या मंडळींवर माझा राग राहिलेला नाही.

पण तुझ्यावरचा दुप्पट झाला! पनवेल, उरण, करंजा, पेण, पार काश्मीरपर्यंत सगळ्यांना आवतण दिलेस. चिरनेर कुठे आहे? जंगल सत्याग्रहात आपल्या आजोबांनी पायात गोळी घेतली ते गाव तुला आठवले नाही? देशाच्या मांडवात त्यालाच जागा नाही? तू ख्रिस्ती लोकांत गेलीस त्यापेक्षा हे मला जास्त लागले.

रंजिता जेवत नाही, म्हणून सोबत लग्नाची पत्रिका पाठवतो. सहकुटुंब ये, जेवून जा. गाणे मात्र रंभाचेच.

जावईबापूंना नमस्कार सांग.
बळीराम


सुकापूर, १८ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.
अरे, चिरनेर विसरेन मी? आय धवले म्हणायची तेव्हा तू मांडवात झोपा काढत होतास काय? आय उरणला बोलवायची, पनवेलला बोलवायची. चिरनेरला कधी बोलवलं? नाय! मांडव ज्यांचा, त्यांना आवतण नसतं. ते दारात उभे राहून बाकीच्यांना या बसा म्हणतात. त्या हॉलात मी चिरनेरची लेक म्हणून उभी होते. मांडव आपल्या गावानं घातला हाय, असंच धरून गात होते. आजोबांनी गोळी खाल्ली ती काय देशात पाहुणं म्हणून जायला? नि अरुंधतीही देशात पाहुणी नाय. म्हणून तर त्या चौघांचा राग आला.

नि तू काय केलंस? सख्ख्या आत्याला पत्रिका धाडलीस! सहकुटुंब, सहपरिवार! वर पोस्टाचं तिकीट! रडले मी, खोटं कशाला सांगू. इतकी परकी झाले?

पत्रिका वाया घालवली नाय. माझं नाव खोडून अरुंधतीचं लिहिलं नि तिला दिली. चिरनेरला ती पहिल्यांदा येतेय, तिला आवतण पायजेच. मी हळदीच्या आदल्या दिवशी येते. दार लावलंस तर ओटीवर बसून गाईन, ऐकू दे गावाला.

वहिनीला नमस्कार, रंजिताला पापा.
रागावलेली, पण तुझीच
वेणू


चिरनेर, २५ मार्च

चि. सौ. वेणू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. या वेळी पूर्ण लिहिले आहे.

खोडाखोड केलेली पत्रिका कोणी पाहुण्या बाईला देतो का गं? लाज कशी वाटली नाही तुला? अरुंधतीबाईंच्या नावाची नवी पत्रिका सोबत आहे, नाव मी स्वतः लिहिले आहे. त्यांना माझा सलाम सांग. रंभाला तुझ्यामागे बसून साथ द्यायला सांगितले आहे.

पाकिटात तुझ्यासाठी काही नाही.
बळीदादा